जावईबापूंच्या चिलखताच्या नाड्या

रणांगणावर ताठ उभं राहायचं तर माणसाची छाती पोलादी असावी लागते. आमच्या जावयाची होती. फक्त ती घालताना मागून नाड्या बांधायला दुसरं माणूस लागायचं.

जावईबापू पेशाने दंतवैद्य. आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचे पाडून घ्यायला मैदानात जायचं, असा त्यांचा क्रम. सहाशे वर्षांपूर्वीचं चिलखत स्वतः बनवायचं, त्या काळचे कपडे स्वतः शिवायचे आणि ते सगळं अंगावर चढवून, त्याच नादाच्या इतर शहाण्यासुरत्या माणसांकडून बोथट तलवारींनी बडवून घ्यायचं. काळ खोटा असतो. मार खरा असतो. लग्न ठरताना लेक म्हणाली होती, "बाबा, त्याला कसलंही व्यसन नाही." ते अगदी खरं निघालं. व्यसनी माणूस निदान रिकाम्या हाताने घरी येतो. हे लोखंडी तारेचं भेंडोळं घेऊन यायचे.

चिलखत कड्यांचं होतं. म्हणजे तार सळईवर गुंडाळायची, तिच्या कड्या कापायच्या, प्रत्येक कडीची टोकं ठोकून चपटी करायची, त्यांना भोक पाडायचं, ती कडी आणखी चार कड्यांत ओवायची आणि मग भोकात बारीक रिव्हेट ठोकून कायमची बंद करायची. एवढं केल्यावर तयार काय होतं? एक कडी. जावईबापू हे काम दवाखान्यात दोन पेशंटच्या मधल्या वेळात करायचे. आतून ठक ठक आवाज यायचा आणि बाहेर गालाला हात लावून बसलेली मंडळी एकमेकांकडे बघायची. एक बाई "माझं थांबलं हो दुखायचं" असं सांगून उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

चिलखताखाली घालायला जाड डगला लागतो. लोखंड वार अडवतं, पण दणका आत पोचतोच. तो डगल्याने खायचा. तागाच्या कापडाचे थर, मध्ये लोकर आणि सगळं हाताच्या टाक्यांनी शिवलेलं. थोडक्यात, बाह्या फुटलेली गोधडी. टाके मात्र बघत राहावेत असे होते. ज्याने आयुष्यभर हिरड्या शिवल्या त्याला कापड शिवणं म्हणजे विश्रांतीच. कापड निदान विव्हळत नाही.

एवढं सगळं करूनही जावईबापू एकदाही लढले नव्हते. कारण मैदानाच्या फाटकाशी परीक्षकबाई उभ्या असत.

या बाई एरवी उपाहारगृहांची स्वयंपाकघरं तपासायच्या. झुरळ दिसण्याआधीच त्याचा वास येणारं नाक आणि कुठल्याच स्पष्टीकरणाने न वितळणारा चेहरा, या दोन गोष्टी त्या सुट्टीच्या दिवशीही बरोबर आणत. त्यांचा नियम एकच: जे त्या काळचं नाही ते आत जाणार नाही. पहिल्या वर्षी जावईबापू नखशिखांत सजून गेले आणि कमरेपाशी अडकले. आतल्या चड्डीला इलॅस्टिक होतं. दुसऱ्या वर्षी डगल्याच्या आतल्या काठावर वीतभर टाके मशीनचे निघाले. "बाई, ते दिसत नाही हो," जावईबापू म्हणाले. बाई म्हणाल्या, "मला दिसत नाही. तुम्हाला माहीत आहे." ते घरी आले आणि काठ उसवायला बसले.

तुकडीत पाच जण. तुकडीचा प्रमुख लिफ्ट दुरुस्त करणारा होता आणि त्याला सगळे सरदार म्हणत. माणूस दिलदार, पण त्यालाही दोन वर्षं चौघांनिशी पाच जणांचा मार खावा लागला होता. यंदा त्याने येऊन सरळ सांगितलं, "डॉक्टर, तुमच्यावर माझा जीव आहे. पण तिसऱ्यांदा फाटकावरून परत आलात, तर तुमची जागा मी विमा एजंटाला देणार. त्याचं चिलखत तयार आहे. आणि तो दारासारखा रुंद आहे."

जावईबापूंनी नुसती मान हलवली. ते कमी बोलायचे. पण त्या दिवशी चहाचा कप त्यांनी रिकामाच दोनदा तोंडाला लावला, हे मी पाहिलं.

आता दोन्ही वर्षं त्यांच्या नाड्या आमची लेक बांधायची. यंदा लढाई तोंडावर आली आणि जावईबापूंच्या हातून कड्यांचा डबा स्वयंपाकघरात उपडा झाला. त्यांनी सगळ्या कड्या गोळा केल्या. चार सोडून. त्या चार आमच्या लेकीच्या पायाखाली आल्या आणि तिचं उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. जावईबापू तिच्यापेक्षा जास्त पांढरे पडले. "मी नाही जात यंदा," म्हणाले.

"गप रे," लेक म्हणाली. "हात माझा मोडला, तू कशाला लंगडतोस? बाबा, नाड्या तुम्ही बांधायच्या."

"मी?"

"पायजम्याची बांधता ना रोज?"

"ती पुढे असते."

"आणि तीही भलत्या वेळी सुटते," आमची ही आतून म्हणाली.

माझी नेमणूक झाली ती अशी. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, पण तो मी लगेच दाखवला नाही. जावयापुढे सासऱ्याने आनंद बेताने दाखवावा.

आमचं दोघांचं जमत नव्हतं असं नाही. आमचं बोलणंच होत नसे. मी बसस्थानकावर उद्घोषक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, हे मी सारी हयात सांगितलं आणि एकाही प्रवाशाने "काय म्हणाले?" असं शेजारच्याला विचारलं नाही. शब्द कसा टाकसाळीतून पडल्यासारखा पडायला हवा. अशा माणसाला जावई मिळाला तो हुंकारावर संसार करणारा. "चहा?" "हं." "पाऊस नाही ना?" "अंहं." संपलं.

आमचा खऱ्या अर्थाने लांबलचक संवाद एकदाच झाला होता, त्यांनी माझी कवळी बसवली तेव्हा. मी खुर्चीत आडवा, तोंडात कापसाचे बोळे, आणि ते वरून विचारतायत: "टोचतंय?" "आ." "वरच्या बाजूला?" "आऽ आ." "म्हणजे मागे, दाढेपाशी." "आ!" तासभर आम्ही मनमोकळं बोललो. माझा एकही शब्द वाया गेला नाही. कवळी अशी बसली की माझी तीच खणखणीत वाणी मला परत मिळाली. त्यानंतर कवळी मी फक्त बंद दाराआड काढत आलो. जावईबापू सोडले तर बोळक्या तोंडाने मला कुणी पाहिलेलं नाही, आमच्या हिनेसुद्धा. संसारात एवढं एक गुपित असावं.

नाड्या बांधणाराही त्या काळातलाच दिसावा लागतो, कारण तो लढाईच्या रिंगणाला बांधलेल्या दोरापलीकडे का होईना, मैदानात उभा असतो. तेव्हा जावईबापू माझं माप घ्यायला आले. त्या काळच्या विजारीला बैठक नसते. दोन सुटे पाय असतात आणि ते कमरेला वेगवेगळे बांधायचे असतात. काडीमोड झालेल्या जोडप्याने एकाच घरात राहावं तसे. आता जावई आणि सासरा यांच्यामध्ये जे सन्माननीय अंतर असतं, ते मांडीचं माप घेताना टिकवणं फार अवघड जातं. आम्ही दोघंही छताकडे बघत राहिलो. त्यामुळे डावा पाय ढगळ झाला.

लढाईच्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला मी त्यांना चढवलं. चढवलं हाच शब्द बरोबर. आधी डगला, मग वरून कड्यांचं चिलखत. ते डोक्यावरून घालताना माणूस दोन्ही हात वर करून वाकतो आणि मासळीसारखा वळवळत त्यात शिरतो. मग पाठीवरच्या नाड्या. चामड्याच्या, टोकाला पितळ बसवलेल्या. डगल्याच्या, चिलखताच्या, दंडावरच्या पत्र्याच्या. मी घामाघूम होऊन बांधत होतो.

"फार घट्ट होतंय?" मी विचारलं.

"हं."

"सैल करू?"

"अंहं."

सगळ्या गाठी आवळून झाल्यावर ते सावकाश वळले. त्यांनी चष्मा काढून लेकीकडे दिला. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरापलीकडचं जग म्हणजे नुसता रंगांचा काला. त्यावर ते आता डोळ्यांपुढे बोटभर फट असलेलं शिरस्त्राण घालणार होते. म्हणूनच सरदाराला माझं भारी कौतुक होतं. "आजोबांचा आवाज म्हणजे तोफ आहे," तो म्हणाला. "दोराबाहेरून ओरडायला परवानगी आहे. कुठून कोण येतंय ते सांगत राहा. फक्त एक आहे, आपण ओरडतो ते समोरच्यांनाही ऐकू जातं. गेल्या वर्षी माझी बायको मला 'डावीकडे वळा' म्हणाली आणि मी वळायच्या आत ते उजवीकडून आले."

फाटकापाशी परीक्षकबाई तयारच होत्या. त्यांनी जावईबापूंची बाही उलटली. काठ चिमटीत धरून पाहिला. कड्या नखाने खाजवल्या. जोड्याचा तळ बघितला. इलॅस्टिकच्या बाबतीत त्यांनी नुसतं रोखून पाहिलं आणि जावईबापूंनी नुसती मान हलवली. दोघांनाही जुनी आठवण होती. शेवटी बाई म्हणाल्या, "चांगलं आहे." मागे सरदाराने एवढा मोठा निःश्वास टाकला की त्याचा पट्टा सुटला.

मग बाई माझ्याकडे वळल्या.

"हे कोण?"

"माझे सासरे," जावईबापू म्हणाले.

बाईंनी माझी टोपी पाहिली, अंगरखा पाहिला, विजारीचा ढगळ पाय पाहिला. "हा असा का?"

"त्या काळीही मापं चुकत असतील," मी म्हणालो आणि माझ्याच विनोदावर हसलो. ते नडलं.

"परत हसा," बाई म्हणाल्या.

मी हसलो, पण आता हसू आत जायला लागलं होतं.

"सुंदर आहेत," बाई म्हणाल्या. "एकसारखे, पांढरेशुभ्र. काढता येतात?"

जावईबापू पुढे सरकले. एवढी वर्षं मी त्यांची दोन पूर्ण वाक्यं सलग ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली. "बाई, ती कवळी आहे. वैद्यकीय गरज आहे."

"गरज असेल ते मी काढायला सांगत नाही. मागच्या तुकडीत एकांच्या कानात यंत्र आहे, ते सोडलं मी. त्यांना ऐकायचं आहे." त्यांनी माझ्याकडे वळून अगदी सौजन्याने विचारलं, "तुम्हाला आत काही चावायचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. न्यायबुद्धी असलेल्या माणसाला दुसरं उत्तर देता येईना.

"मग झालं तर."

मागे रांग होती. रांगेत पन्नाशीचे, साठीचे, टकले, पोट सुटलेले सरदार आणि सैनिक आपापल्या भाल्यांवर रेलून माझ्या तोंडाकडे बघत होते. मागे प्रेक्षकांच्या दोरापलीकडे आमची ही होती, लेक होती. जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा नसल्यामुळे त्यांना मी दिसत नसणार, पण त्यांनी नीट पाहिलं. मग ते सरदाराकडे वळून म्हणाले, "विमा एजंटाला बोलवा."

"अहो डॉक्टर!"

"राहू दे. बाबा, चला. नाड्या सोडा माझ्या."

आणि ते खरोखर पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. तिच्यावर मी बांधलेल्या गाठी होत्या आणि गाठींच्या खाली कड्या. ठक ठक करून एकेक बंद केलेल्या कड्या. या माणसाने वीतभर न दिसणारी शिवण उसवून परत घातली होती, आणि आता माझं बोळकं तोंड चारचौघांत उघडं पडू नये म्हणून तो हे सगळं उतरवून घरी यायला निघाला होता. बरं, हे बोलूनही दाखवत नव्हता. नुसती पाठ करून उभा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मी कवळी काढली. आधी वरची, मग खालची.

दोराकडून आमची ही "अगं बाई!" एवढंच म्हणाली. कुणी हसलं नाही. रांगेतल्या एका टकल्या सैनिकाने मान अदबीने खाली घातली. पुढे कळलं, त्याच्याही तोंडात खालची होती आणि त्याची पाळी माझ्यामागे होती.

प्रश्न उरला ठेवायच्या कुठे. त्या काळी खिसे नव्हते. हिच्याकडे नेऊन द्यायच्या तर फाटकातून मागे जायचं, परत रांग. जावईबापूंनी कमरेच्या तागाच्या फडक्यात त्या दोन्ही गुंडाळल्या, माझ्याच हाताने आपल्या डगल्याच्या आत, काखेखाली खोचायला लावल्या आणि म्हणाले, "इथे मार कमी बसतो." बाई तेवढा वेळ मुद्दाम मागच्या सैनिकाची टोपी तपासत राहिल्या. मी वरून नाड्या पुन्हा आवळल्या. या वेळी जरा जास्तच. आता आत माझंही काही होतं.

लढाई पाच विरुद्ध पाच. पायाशिवाय अंगाचं काहीही जमिनीला टेकलं की बाद. शिंग वाजलं आणि एखाद्या हॉटेलातली सगळी भांडी जिन्यावरून एकदम सोडून द्यावीत तसा आवाज झाला. आमचे दोघं पहिल्या दणक्यालाच आडवे. जावईबापू मध्ये उभे, ढाल भलतीकडे.

मी सगळा जीव गोळा करून ओरडलो, "डावीकडून येतोय!"

म्हणजे मला तसं ओरडायचं होतं. बाहेर पडलं ते असं: "आवीकऊन एओय!"

ज्या तोंडाने हयातभर गाड्यांना फलाट दिले, त्या तोंडातून हे निघालं. सगळं मैदान क्षणभर माझ्याकडे बघायला लागलं. समोरच्या तुकडीतला एक धिप्पाड गडी शिरस्त्राण किंचित वर करून कळवळ्याने म्हणाला, "अहो, त्या आजोबांना कुणीतरी पाणी द्या रे."

एवढ्यात जावईबापू डावीकडे वळले आणि ढाल उचलून त्यांनी येणारा घाव अडवला.

मला कळेना. योगायोग असेल. मी पुन्हा ओरडलो, "आगे! आगे आ!" म्हणजे मागे आहे. ते गर्रकन मागे फिरले आणि मागून चोरपावलांनी येणाऱ्याला त्यांनी ढालीचा असा धक्का दिला की तो बसलाच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड उघडं, आत दात नाहीत, जीभ कुठे टेकवावी कळत नाही, अशा माणसांचं बोलणं ऐकण्यात या गृहस्थाचं उभं आयुष्य गेलं होतं. माझं बोलणं मैदानात कुणालाही कळत नव्हतं. फक्त त्यांना कळत होतं.

मग मी सुटलो. "उऔईकए! आली आका! आता आआ!" म्हणजे उजवीकडे, खाली वाका, आता मारा. सरदाराची बायको माझा हात धरून "काका, बसता का जरा?" विचारत होती. समोरचे गोंधळले होते. आपण कुठून जातोय हे या आंधळ्याला कसं कळतंय, याचा त्यांना उलगडा होत नव्हता. सरदार पडला, चौथाही पडला, पण पडताना समोरच्या एकेकाला घेऊन. आमचे एकटे जावईबापू उभे आणि समोर दोघं. त्यातल्या एकाने काखेखाली असा वार केला की माझ्याच जबड्यात कळ आली. तो वार त्यांना लागला की माझ्या दातांना, हे ठरवायला वेळ नव्हता. "आली आका!" मी किंचाळलो. ते खाली वाकले. एकाची तलवार वरून गेली ती थेट दुसऱ्याच्या शिरस्त्राणावर बसली. तो धडपडला, त्याने पहिल्याला मिठी मारली आणि दोघंही जोडीने आडवे झाले.

जावईबापू उभे होते. दोन्ही पायांवर. झुलत होते, पण टेकलं काहीच नव्हतं.

त्यानंतर जो गलका झाला तो माझ्या बसस्थानकाला सुट्टीच्या हंगामातही झाला नव्हता. सरदार लंगडत आला, स्वतःच्या खांद्यावरचा तुकडीचा लाल पट्टा काढून त्याने जावईबापूंच्या खांद्यावर टाकला आणि ओरडला, "ही जागा आता यांची! मरेपर्यंत!" विमा एजंटाने टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. परीक्षकबाईसुद्धा दोराशी आल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, पण त्यांच्या चेहऱ्याचा एक कोपरा हलला.

सरदाराने जावईबापूंचं शिरस्त्राण काढलं. केस घामाने चिकटलेले, गाल लाल, डोळे मिचमिचे. "बोला डॉक्टर, दोन शब्द," सगळे म्हणाले. जावईबापूंनी डोळे बारीक करून दोराकडे पाहिलं, मला शोधलं. मी सापडत नव्हतो. तेव्हा त्यांनी नुसता हात पुढे केला आणि सरदाराच्या बायकोने मला त्या हातात नेऊन दिलं. लेक प्लॅस्टरच्या हाताने डोळे पुसत होती. आमची ही माझ्याकडे असं बघत होती, जसं तिने फार वर्षांत बघितलं नव्हतं. त्याचं कारण माझं तोंड असावं.

"मला बोलता येत नाही," जावईबापू म्हणाले. "आज मी उभा राहिलो तो यांच्यामुळे. बाबांचं सगळं आयुष्य बोलण्यात गेलंय. तुमच्या वतीने, माझ्या वतीने, जे काही बोलायचं ते आज बाबाच बोलतील."

एवढं लांब भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं. सगळं मैदान शांत झालं. भाले जमिनीला टेकले. वीस-पंचवीस शिरस्त्राणं काखेत गेली. टकल्या सैनिकाने ओठ घट्ट मिटून छातीवर हात ठेवला. सगळे माझ्या शब्दाची वाट बघत होते. असे श्रोते मला फलाटांनी कधी दिले नव्हते.

मी घसा साफ केला, जावयाच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "जावईबापू, तेवढे माझे दात द्या."